बिल हवे, तर मोबाइल क्रमांक कशाला?

महोदय,

दुधाची पिशवी, पाव आणि साबणाची वडी एवढीच खरेदी असली, तरी मोठ्या दुकानांच्या बिलिंग काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो ‘मोबाइल नंबर सांगा’ हाच. पैसे रोख द्यायचे असले तरी त्यातून सुटका नसते. नकार दिला की ‘त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते आणि मागच्या रांगेतली चुळबुळ वाढू लागली की बहुतेक ग्राहक निमूटपणे दहा आकडे सांगून मोकळे होतात. गंमत अशी, की एखाद्याने नेट धरलाच तर तोच कर्मचारी कुठला तरी भलताच क्रमांक टाकतो आणि अडलेले बिल क्षणात बाहेर येते.

हा आग्रह कायद्याला धरून नाही. क्रमांक दिला नाही म्हणून विक्री नाकारणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये उद्योग संघटनांना कळवले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीच मुळात अशी प्रथा ठरते. जीएसटीचे कारण पुढे केले जाते, तेही टिकणारे नाही. कारण नोंदणी नसलेल्या सामान्य ग्राहकाचे नाव आणि पत्ता बिलावर सक्तीने लागतो तो खरेदी पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा, आणि तिथेही मोबाइल क्रमांकाचा उल्लेख नाही.

‘माल बदलून घ्यायला सोपे जावे म्हणून’ असेही सांगण्यात येते. वास्तविक त्यासाठी बिल पुरेसे असते. बिलावर मुदत छापलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हेसुद्धा याच कायद्याने अनुचित ठरवले आहे. तरीही आता कित्येक ठिकाणी छापील बिलाऐवजी मोबाइलवर दुवा पाठवला जातो, म्हणजे क्रमांक न देणाऱ्याच्या हाती पुरावाच राहत नाही. ज्येष्ठ नागरिकांना तो दुवा उघडता येत नाही आणि तरुण मुलींना अनोळखी माणसांच्या रांगेत आपला क्रमांक मोठ्याने उच्चारावा लागतो, याची दखल दुकानाच्या व्यवस्थापनाने घेतल्याचे कुठे दिसत नाही. त्यानंतर सवलतींच्या संदेशांचा जो मारा सुरू होतो, तो वेगळाच.

काउंटरवरच्या मुला-मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. क्रमांक गोळा करण्याचा दट्ट्या त्यांच्यावर वरून असतो, आणि चिडलेल्या ग्राहकाचे बोलणे मात्र त्यांनाच खावे लागते. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या उधारीच्या वहीत आमच्या घरची सारी कुंडली असायची, पण ती वही त्याच्या गल्ल्याबाहेर कधी गेली नाही. दुकानांच्या साखळीला दिलेला क्रमांक कुठे साठवला जातो, किती काळ राहतो आणि कोणाला दिला जातो, हे विचारले तर काउंटरवर कोणालाच सांगता येत नाही. व्यक्तिगत माहिती घेताना ती कशासाठी हवी हे सांगून मोकळेपणाने दिलेली संमती मिळवावी, हे तत्त्व २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आहे. रांग अडवून मिळवलेला होकार त्यात कसा बसतो?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, हे खरे. पण पावाच्या पुड्यासाठी तक्रार गुदरायला वेळ कोणाला आहे, हे दुकानदारही ओळखून असतात. म्हणून राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाने ‘मोबाइल क्रमांक देणे ऐच्छिक आहे’ अशी मराठी पाटी प्रत्येक बिलिंग काउंटरवर लावण्यास सांगावे आणि क्रमांकाशिवाय छापील बिल मिळते की नाही, हे आपले कर्मचारी साधे ग्राहक म्हणून पाठवून तपासावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे