पेगी ली केवळ गायिका नव्हत्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पेगी ली यांच्यावरचा लेख आवडीने वाचला. अमेरिकी जॅझ आणि पॉप गाण्यांना मराठी वृत्तपत्रात अर्धे पान मिळते, हेच मुळात अप्रूप. तक्रार एवढीच की, जॅझ बँडचे प्रमुख बेनी गुडमन यांनी त्यांना हेरले, 'फीव्हर' या गाण्याने नाव दिले, आणि लेख तिथेच आटोपला. स्वतः गाणी लिहिणाऱ्या आणि त्या गाण्यांच्या हक्कासाठी बड्या कंपन्यांना कोर्टात खेचणाऱ्या पेगी लींचा त्यात मागमूस नाही.

गुडमन यांच्या बँडमध्ये त्या १९४१ मध्ये आल्या, हे खरे. पण 'व्हाय डोन्ट यू डू राइट' हे त्यांचे पहिले मोठे गाणे कोणी त्यांच्यावर लादलेले नव्हते. लिल ग्रीन या ब्लूज गायिकेची ती तबकडी त्या एकसारखी वाजवत बसत. ती कानावर पडून पडून अखेर गुडमन यांनीच विचारले, हे गाणार का? १९४२ च्या जुलैअखेर ध्वनिमुद्रण झाले आणि आठवडाभरात वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार टाकला. चार दिवस इकडे-तिकडे झाले असते, तर ती तबकडी त्या वर्षी निघालीच नसती.

'फीव्हर'बद्दल तर लेखात 'मादक आवाज' एवढेच आहे. मूळ गाणे लिटल विली जॉन यांचे, १९५६ चे. दोन वर्षांनी पेगी लींनी ते गायले तेव्हा साथीला फक्त बास, ड्रम आणि बोटांच्या चुटक्या. एक पियानोसुद्धा नाही! मध्येच पट्टी चढते, पण बाईंचा आवाज तसूभरही चढत नाही. हेडफोन लावून ऐका, दोन ओळींमधली शांतताही वाजते. आणि त्यातली रोमिओ-ज्युलिएटची, कॅप्टन स्मिथ-पोकाहोन्टासची कडवी मूळ गाण्यात नाहीतच, ती पेगी लींनी घातली. त्याचे श्रेय मात्र त्यांच्या नावावर लागले नाही. (मूळ गीतकारांपैकी ओटिस ब्लॅकवेल यांचेही खरे नाव तिथे नव्हते. दुसरीकडे करार असल्याने त्यांनी जॉन डेव्हनपोर्ट हे टोपणनाव लावले होते.)

करारातली एक ओळ काय करू शकते, हे डिस्नेच्या प्रकरणात दिसले. १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प' या चित्रपटाची गाणी त्यांनी सॉनी बर्क यांच्यासोबत लिहिली आणि चार पात्रांना आवाजही दिला. पुढे १९८७ मध्ये त्याच्या व्हिडिओ कॅसेट निघाल्या आणि धडाक्यात खपल्या. पेगी लींनी जुना करार बाहेर काढला. लोकांना विकायच्या प्रतींसाठी त्यांची संमती हवी, असे कलम त्यात होते. करार झाला तेव्हा व्हिडिओ कॅसेट कोणाच्या स्वप्नातही नव्हती, पण कलम लागू पडले. १९८८ मध्ये दावा, १९९१ मध्ये निकाल, भरपाई सुमारे २३ लाख डॉलर. तेव्हा बाई सत्तरीत होत्या आणि प्रकृती साथ देत नव्हती. त्यानंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीच्या जुन्या तबकड्यांच्या मानधनासाठी इतर कलावंतांच्या वतीनेही त्या लढल्या. २१ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. रॉयल्टीच्या मागणीवरून साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात फाटले आणि काही वर्षे त्यांची युगुलगीते बंद होती, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतल्या हक्काच्या वाट्यासाठी कायद्यातल्या दुरुस्तीची वाट २०१२ पर्यंत पाहावी लागली.

लेखमाला पुढे चालणार असेल, तर दोन सूचना. पेगी लींवर पुन्हा लिहिलेत, तर १९५३ च्या 'ब्लॅक कॉफी' या अल्बमचा उल्लेख हवाच. माझ्या मते त्यांचे सर्वांत अस्सल जॅझ गाणे तिथे आहे, 'फीव्हर'मध्ये नाही. दुसरी सूचना, गाण्याचे नाव छापताना गीतकार आणि संगीतकाराचे नावही छापा. त्यासाठी शेजारच्या छायाचित्राची जागा थोडी कमी झाली तरी चालेल.

– एक नियमित वाचक, ठाणे