केबलवरच्या चॅनेलचाही फेरफार नोंदवा : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
माहिती व प्रसारण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून हे पत्र लिहितो आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. केबल टीव्हीवर एखादे चॅनेल नव्याने आले, बंद झाले, त्याचा नंबर बदलला किंवा कंट्रोल रूममध्ये काही तांत्रिक बदल झाला, तर त्याची तारखेसह, कारणासह, मराठीत आणि कोणालाही पाहता येईल अशी नोंद ठेवणे प्रत्येक केबल कंपनीवर बंधनकारक करा. आमच्याकडे शेताच्या तुकड्याची मालकी बदलली तर तलाठ्याकडे फेरफार पडतो, नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. दर महिन्याला ज्या सेवेचे पैसे आम्ही आगाऊ भरतो, तिच्यातला बदल मात्र रात्रीतून होतो आणि त्याचा मागमूस राहत नाही.

ही नोंद मी माझ्यापुरती एका वहीत ठेवतो. कोणत्या तारखेला कोणते चॅनेल दिसेनासे झाले, कोणते कोणत्या नंबरवर गेले, कोणत्या दिवशी बॉक्स आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, कोणत्या चॅनेलचे चित्र फुटते आणि ते गावाच्या कोणत्या भागात फुटते. हळूहळू शेजारपाजारचे लोक विचारायला येऊ लागले. केबलचे बिल वसूल करणारे भाऊसुद्धा येतात, कारण त्यांनाही वरून काही कळवले जात नाही. लोकांचे फोन खणखणू लागले की त्यांना बदल समजतो. एका खाजगी माणसाच्या वहीवर गावाने आणि केबलवाल्यानेही अवलंबून राहावे, ही स्थिती चांगली नाही.

आपल्या दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना वाटेल की चॅनेलचा नंबर बदलणे ही किरकोळ बाब आहे. आमच्या गल्लीतल्या साठीच्या पुढच्या बऱ्याच बायांना अक्षरओळख नाही. आकडे मात्र त्यांना पक्के येतात : नोटेवरचे, फोनवरचे आणि रिमोटवरचे. पडद्यावर चॅनेलचे नाव येते तेही इंग्रजी अक्षरांत. त्यांच्यासाठी तीन आकडी नंबर हाच त्या चॅनेलचा पत्ता असतो. सकाळी हरिपाठ लावायचा तर एक नंबर, संध्याकाळच्या मालिकेचा दुसरा, सह्याद्रीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाचा तिसरा. नंबर बदलला की ते चॅनेल त्यांच्यापुरते बंदच पडते. "माहं चॅनेल कुठं गेलं रे बाबू?" असे विचारत एखादी आजी दारात येते, तेव्हा ते चॅनेल चार घरे पुढे सरकून बसलेले असते. सून किंवा नातू घरी असेल तर तो शोधून देतो. नसेल तर ती बाई दिवसचे दिवस टीव्ही लावतच नाही, आणि महिन्याचे पैसे मात्र तेवढेच जातात.

याबाबत नियम आहेत. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन (चॅनेलवाले आणि केबल कंपन्या यांच्यातल्या जोडणीच्या) नियमावलीनुसार चॅनेलला एकदा दिलेला नंबर किमान एक वर्ष बदलता येत नाही. चॅनेल बंद करायचे असेल तर पंधरा दिवस आधी पडद्यावर सरकत्या पट्टीतून प्रेक्षकांना कळवायचे असते. हे नियम ज्यांनी केले त्यांच्या मनात आमच्यासारखेच प्रेक्षक असणार, याबद्दल मला शंका नाही. पण वर्षाच्या आत नंबर बदलला हे सिद्ध करायचे तर आधीचा नंबर कोणत्या तारखेला दिला होता ते ठाऊक हवे. ती तारीख ग्राहकाला कुठे सापडते? आणि सरकती पट्टी दिवसा सरकते. कापूस वेचणीच्या दिवसांत अंधार पडेपर्यंत घरात कोणी नसते. रात्रीच्या पाळीची लाइट असली की माणसे ओलिताला जातात. पट्टी आली आणि गेली, कोणी वाचली नाही, आणि आता ती कुठेच पाहायला मिळत नाही. पट्टी खरोखर दाखवली होती की नाही, हेही कोणाला सांगता येत नाही.

तांत्रिक बदलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गरीब माणसाचे पैसे सर्वांत जास्त इथेच जातात.

पूर्वी तार थेट टीव्हीच्या मागे खोचली की चॅनेल दिसत. २०११ च्या कायदादुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. नागपूर दुसऱ्या टप्प्यात होते, त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. आम्हा खेड्यांचा नंबर चौथ्या टप्प्यात लागला आणि मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ पर्यंत आली. डिजिटल झाल्याने चित्र सुधारले, हे मी मान्य करतो. पण त्याबरोबर सगळा ताबाही शहरातल्या कंट्रोल रूमकडे गेला. तिथे केलेला एक बदल शंभर-दीडशे किलोमीटरवरच्या घराघरांत त्याच क्षणी लागू होतो.

केबलमधून चॅनेल्स आठ मेगाहर्ट्झच्या कॅरिअरवर, म्हणजे अनेक चॅनेल्स एकत्र वाहून नेणाऱ्या लहरीवर, चढवून पाठवतात. क्वाम म्हणजे त्या लहरीवर माहिती भरण्याची पद्धत. ६४ क्वाम पद्धतीने एका कॅरिअरवर सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती जाते. तोच कॅरिअर २५६ क्वामवर नेला तर सुमारे ५१ मेगाबिट जाते, म्हणजे त्याच तारेत जास्त चॅनेल्स मावतात. कंपनीच्या दृष्टीने हा चांगला बदल आहे. मात्र त्यासाठी सिग्नल सुमारे सहा डेसिबल अधिक स्वच्छ लागतो. बाजारचौकातल्या घराला काही फरक पडत नाही. पण गावाच्या टोकाला, जिथे तार तीन-चार ॲम्प्लिफायर आणि कितीतरी जॉइंट पार करून पोचते, जिथे वानरं तारेला लोंबकळतात, लिंबाची फांदी घासून वरचे आवरण सोलले जाते आणि पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरते, तिथे त्या दिवसापासून चित्रात चौकोन पडू लागतात, आवाज तुटतो.

मग काय होते? त्या घरच्या माणसाने फोन केला की उत्तर मिळते, "बॉक्स खराब झाला असन, बदलून टाका." आमच्या गावाच्या टोकावर एका शेतमजुराच्या घरी असेच झाले. त्याने पैसे भरून नवा बॉक्स घेतला आणि नव्या बॉक्सवरही तीच चॅनेल्स तशीच फुटत राहिली. माझ्या वहीत त्याच आठवड्यात त्याच ओळीतल्या इतर घरांच्या तक्रारी होत्या, आणि सगळ्यांकडे फुटणारी चॅनेल्स तीच होती. दहाबारा ठरावीक चॅनेल्स एकदम फुटतात आणि बाकीची स्वच्छ दिसतात, तेव्हा ती सगळी बहुधा एकाच कॅरिअरवर असतात आणि दोष बॉक्सचा नसून तारेचा किंवा वरून केलेल्या बदलाचा असतो. हे तंत्रज्ञाला ठाऊक असते. मजुराला कोण सांगणार? 'अमुक तारखेला अमुक कॅरिअर २५६ क्वामवर नेला' एवढी एक ओळ कुठे लिहिलेली असती, तर केबलवाल्या भाऊंनी बॉक्स विकण्याआधी जॉइंट तपासले असते आणि त्या घरचे पैसे वाचले असते.

असाच दुसरा प्रकार एमपेग-२ वरून एमपेग-४ वर, म्हणजे चित्र दाबून लहान करून पाठवण्याच्या जुन्या पद्धतीवरून नव्या पद्धतीवर, जाण्याचा. जुन्या बॉक्सला नवी पद्धत उलगडता येत नाही. काळा पडदा दिसतो, कधी नुसता आवाज येतो. अशा वेळी बॉक्स खरोखरच बदलावा लागतो. पण तो का बदलायचा, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या मॉडेलचा, हे आधी लेखी मिळाले तर माणूस कापूस विकल्यावर बॉक्स घेईल. पेरणीच्या तोंडावर त्याला पैसे काढावे लागणार नाहीत. त्यात भर म्हणजे एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालत नाही.

नोंद ठेवणे अवघड आहे, असे कंपन्या म्हणतील. ते मला पटत नाही. २०१७ च्या त्याच नियमावलीच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार बॉक्स सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक आदेशाची किमान मागच्या दोन वर्षांची नोंद असावी लागते आणि तिचे दरवर्षी ऑडिट होते. हे ऑडिट बेसिल ही सरकारी कंपनी किंवा ट्रायने नेमलेले ऑडिटर करतात. कोणते पे चॅनेल किती घरांत चालू होते याचा हिशेब प्रसारकांना, म्हणजे चॅनेल चालवणाऱ्या कंपन्यांना, बिनचूक मिळावा, म्हणून ही व्यवस्था आहे. ती असायलाच हवी. पण प्रसारकाच्या रुपयाची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी माझ्या गावच्या प्रेक्षकाच्या रुपयाची का घेऊ नये? आपल्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर परवानगी असलेल्या सर्व खाजगी उपग्रह चॅनेल्सची यादी आहे. कोणते चॅनेल देशात चालू शकते हे त्यावरून समजते. ते आमच्या तारेवर आज कोणत्या नंबरवर आहे, कालपर्यंत होते का, आणि नसेल तर का नाही, हे समजत नाही.

दर बदलले की गोंधळ आणखी वाढतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दररचना आली, तेव्हा १०० चॅनेल्ससाठी १३० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असा जोडणीचा दर होता. पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत २०० चॅनेल्स द्यायचे ठरले. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर प्रसारक आणि केबल कंपन्यांत करारावरून वाद झाला आणि काही मोठ्या प्रसारकांची चॅनेल्स अनेक केबल जाळ्यांवर काही दिवस बंद होती. त्या दिवसांत आमच्याकडे लोकांना वाटले की रिचार्ज संपला. काहींनी मुदतीआधीच पुन्हा पैसे भरले. बंद पडण्याचे खरे कारण कोणीतरी मराठीत दोन ओळींत सांगितले असते तर हे टळले असते.

ज्यांना केबल परवडत नाही त्यांनी डीडी फ्री डिशची छत्री लावली आहे, आणि ती आमच्या भागात खूप आहे. ती आपल्याच प्रसार भारतीची सेवा असल्याने तिच्याबद्दलही लिहितो. तिच्यावरच्या जागांचा लिलाव होतो आणि एप्रिल लागला की चॅनेल्स बदलतात. १ एप्रिल २०२२ ला अनेकांच्या आवडीची हिंदी मनोरंजन चॅनेल्स एकाच दिवशी गेली. जी नवी येतात ती पुन्हा स्कॅन केल्याशिवाय दिसत नाहीत, आणि एमपेग-४ वरची चॅनेल्स जुन्या बॉक्सवर दिसतच नाहीत. मोंढ्याच्या गावी एखादा दुकानदार पैसे घेऊन स्कॅन करून देतो. डीडी सह्याद्रीवर मार्च महिन्यात रोज पाच मिनिटे हे बदल आणि स्कॅन करण्याची रीत मराठीत बोलून दाखवली, तर हा खर्च वाचेल. त्यासाठी नवा नियम करण्याचीही गरज नाही.

ट्राय आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येत नाही, हे मला माहीत आहे. पण केबल कंपन्यांची नोंदणी आपले मंत्रालय करते आणि १९९५ च्या केबल कायद्याखालचे नियमही आपलेच. त्या नोंदणीच्या अटींमध्ये ही वही घाला. तिच्यात चॅनेलचे नाव, जुना नंबर, नवा नंबर, तारीख, कारण, कोणत्या कॅरिअरवर काय बदलले आणि कोणते बॉक्स त्याला चालणार नाहीत, एवढे असले तरी पुरे. ती ग्राहक माहितीच्या ९९९ नंबरच्या चॅनेलवर महिनाभर मराठीत दाखवावी आणि वाचूनही दाखवावी, कारण सगळ्यांना वाचता येत नाही. तिचा छापील कागद स्थानिक केबल चालकाकडे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. जुनी पाने किमान दोन वर्षे जपावीत, म्हणजे एक वर्षाचा नियम मोडला की नाही हे कोणालाही पडताळता येईल. आणि हे सगळे कंपनीने करावे, त्याचा भार गावच्या केबलवाल्यावर पडू नये. तो आधीच फोन, तार आणि वसुली एकटा सांभाळतो.

कायद्यानुसार जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी हे केबलचे प्राधिकृत अधिकारी आहेत. नोंद हातात असेल तर आम्ही नेमकी तारीख आणि नेमका नंबर घेऊन त्यांच्यापुढे उभे राहू. आज आमची तक्रार 'चॅनेल दिसत नाही' एवढ्यावरच थांबते, आणि तिचे उत्तर 'बॉक्स बदला' हे ठरलेले असते.

माझ्या वहीतली पाने आपल्या अधिकाऱ्यांच्या उपयोगाची असतील तर मी ती पाठवायला तयार आहे. या मागणीवर काही मसुदा निघाला आणि लोकांची मते मागवली, तर तो मसुदा मराठीतही प्रसिद्ध करावा आणि मते द्यायची मुदत कापूस वेचणीच्या हंगामात ठेवू नये, ही विनंती.

आपला,
एक केबल ग्राहक,
दारव्हा तालुका, जि. यवतमाळ