शनिवारच्या सिनेमा-बैठकीविषयी सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, शनिवारी सिनेमा, जेवण आणि बिअर असा नेहमीचाच बेत असला, तरी या वेळी जेवण सिनेमाआधी होईल, कारण भरल्या पोटी मद्य रक्तात सावकाश मिसळते आणि मध्यंतराच्या रांगेत तसेही कोणाचे पोट भरत नाही. ५ टक्के मद्यार्काच्या ३३० मिलीलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम मद्यार्क असतो. यकृत त्याचे विघटन आपल्याच गतीने करते आणि कडक कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही. त्यामुळे एक ग्लास घेतलेल्यानेही वाहन चालवू नये. न पिणाऱ्या सदस्यांनी आपल्या गाडीतील रिकाम्या जागा शुक्रवारपर्यंत कळवाव्यात. त्यांच्याकडून बिअरची वर्गणी अर्थातच घेतली जाणार नाही.