चिकाटीचा हिशेब विद्यार्थ्यांकडेच का मागता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला निवृत्त प्राध्यापक महोदयांचा लेख दोनदा वाचला. आजच्या संशोधक विद्यार्थ्यांना चिकाटी नाही, गुरूंविषयी आदर नाही, फेलोशिप हातात पडली की प्रयोगशाळेत पाय टिकत नाही, असा त्याचा सूर. लेखकांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान ठेवून सांगतो, वाचून फार राग आला. एवढ्या मोठ्या लेखात गाईडने, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकाने, काय करावे यावर एक ओळ नाही.

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. झाली. तिची संस्था जिल्ह्याबाहेरची, नाव लिहीत नाही. विषय मात्र आपल्याच भागाचा, केळीवरचा सीएमव्ही हा विषाणूचा रोग, म्हणजे आपण ज्याला हरण्या म्हणतो तो. मृगबागेत, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीत, ऑगस्टमध्ये ढगाळ हवा आणि रिपरिप लागली की कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे येतात, पुढे पोंगा, म्हणजे मधले न उमललेले पान, सडतो. मावा नावाची कीड हा रोग झाडोझाड नेते. औषध नाही. झाड उपटायचे आणि लांब नेऊन नष्ट करायचे, एवढेच आपल्या हातात असते.

त्याचे नमुने घ्यायला ती भर पावसात बागेत उतरायची. पान कापायचे, पुसायचे, पिशवीत घालायचे आणि चिठ्ठीवर गाव, गट नंबर, तारीख पेन्सिलीने लिहायची, कारण पेनची शाई ओलीत पसरते. मग थर्माकोलच्या डब्यात बर्फ भरून, तो डबा मांडीवर घेऊन रेल्वेच्या जनरल डब्यातून जायचे. पान वाटेत तापले तर त्यातला आरएनए, म्हणजे ज्यावरून विषाणू ओळखतात तो अंश, खराब होतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एका रात्री तिच्या विभागाची वीज गेली, जनरेटर लागेना. तेव्हा वॉचमनला उठवून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधले नमुने बर्फात हलवणारी हीच होती, आणि त्यात बाकीच्या विद्यार्थ्यांचेही नमुने होते. अशा पोरांना चिकाटी नाही म्हणता?

शोधनिबंध छापून आला तेव्हा तिने त्याची प्रिंट घरी आणली. पहिले नाव गाईडच्या एका सहकाऱ्याचे. त्यांची पदोन्नतीची फाइल वर जायची होती. दुसरे नाव विभागातल्याच आणखी एकाचे. शेवटचे गाईडचे, ते रीतीप्रमाणे असते, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या मुलीचे नाव तिसरे. निबंधात रोगट पानाचा फोटो आहे. ते पान धरलेला हात माझा आहे, अंगठ्यावरचा केळीच्या चिकाचा काळा डागही त्यात दिसतो. ज्यांचे नाव पहिले छापले, त्या गृहस्थांनी ती बाग आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही.

तिने धीर करून विचारले. उत्तर मिळाले, "तुला डिग्री मिळणारच आहे, नावाचा एवढा हट्ट कशाला?" सातबाऱ्यावर कसणाऱ्याला वगळून पाहुण्याचे नाव चढवावे, तसा हा प्रकार आहे. पुढे पोस्ट-डॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला, अर्ज करा नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला जा, पहिले नाव असलेले निबंध किती, हेच आधी विचारतात.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम केले. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालते, पुढे कारवाई, प्रबंधात ६० टक्क्यांच्या वर गेले तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. दुसऱ्याचे वाक्य उचलले तर सॉफ्टवेअर पकडते. दुसऱ्याचे अख्खे काम उचलले तर पकडायला कोणी नाही. जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी लेखक कोणाला म्हणावे हे ठरवून दिले आहे: कामात ठोस वाटा हवा, लिहिण्या-तपासण्यात हात हवा, शेवटचा मसुदा मान्य केलेला हवा आणि छापलेल्याची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही गोष्टी हव्यात, एखादी असून भागत नाही. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतिमत्ता हा विषय सक्तीचा आहे. त्याची परीक्षा विद्यार्थी देतात. गाईडची कोण घेणार?

प्राध्यापक महोदयांनी आपल्या लेखात सर सी. व्ही. रामन यांचा दाखला दिला, चांगले केले. पण १९२८ साली 'नेचर' या नियतकालिकात रामन परिणामाच्या शोधाची जी पहिली माहिती छापून आली, तिच्यावर रामन यांच्या शेजारी त्यांचे तरुण सहकारी के. एस. कृष्णन यांचेही नाव आहे. तेही सांगायला हवे होते.

सगळे मार्गदर्शक सारखे असतात असे मी म्हणणार नाही. जळगावच्या केळी संशोधन केंद्रातले एक साहेब पूर्वी आमच्याकडे यायचे. विद्यार्थ्यांना चिखलात पाठवून ते स्वतः बांधावर थांबत नसत, पँट दुमडून आधी तेच उतरायचे. एकदा पट्टे पडलेले पान पाहून ते हरण्या म्हणाले. बरोबरचा एक पोरगा आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, मला ही जस्ताची कमतरता वाटते." साहेबांनी पान उन्हाकडे धरले, उलटसुलट पाहिले, शेजारची दोन झाडे पाहिली आणि म्हणाले, "तुझे बरोबर आहे." मग वहीत त्या पोराच्या नावानिशी तशी नोंद केली. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती, बाजूला उभी राहून ऐकत होती. ती या वाटेला लागली ती त्या दिवसापासून. मूल्ये शिकवणे म्हणजे मला तरी हेच वाटते.

आणि तिच्या वाट्याला आले कोण? प्रबंधाचे एक प्रकरण गाईडच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहिले. परत आले तेव्हा त्यावर लाल शाईची एकच खूण, तीही आडनावाच्या स्पेलिंगखाली. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. एवढ्यांच्या वह्या महिन्यातून एकदा समोर बसवून पाहणे अवघड आहे का?

व्हायवाचे, म्हणजे पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेचेही लिहितोच. बाहेरून आलेल्या परीक्षकांसाठी शाल-श्रीफळ, हॉटेलच्या बिलातला वरचा फरक आणि साऱ्या विभागाचे जेवण विद्यार्थ्याने करायचे, कारण 'प्रथा आहे'. जेआरएफची, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांच्या सरकारी फेलोशिपची, रक्कम २०२३ पासून महिना ३७ हजार झाली हे खरे, पण ती प्रत्येकाला मिळत नाही आणि ज्याला मिळते त्याला वेळेवर मिळत नाही. आमच्या घरी हा खर्च कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीच्या, पैशातून झाला. ज्याच्या घरी बाग नाही, त्या पोराने कोणापुढे हात पसरावा?

लेखक महोदयांना हात जोडून विनंती आहे, पुढचा लेख त्यांनी आपल्या निवृत्त आणि कार्यरत सहकाऱ्यांना उद्देशून लिहावा. निबंध पाठवण्याआधी कोणी काय केले हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, असे त्यात सुचवावे. त्यांचे ऐकतील, आमचे कोण ऐकतो?

  

पत्र छापावे, पण माझे आणि गावाचे नाव छापू नये. मुलीला पुढच्या अर्जासाठी अजून त्याच सरांचे शिफारसपत्र लागणार आहे.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर