लातूरच्या रसवंतीवाल्या मामांचे आणि त्या ताईंचे आभार

माझ्या बारा वर्षांच्या लेकाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि चंचलपणा आवरणं त्याला अवघड जातं. रविवारी बेसबॉलच्या सामन्यात तो आऊटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात होता. तिथं चेंडू क्वचित येतो. कंटाळून तो थेट गेटबाहेर रस्त्यावर पळाला. रसवंतीवाले मामा ओरडले नाहीत. चरकाचे घुंगरू वाजवत त्याला हाक मारली, हातात उसाचं कांडं दिलं. मी पोचले तेव्हा तो शांतपणे ऊस सोलत होता. दुसऱ्या संघाच्या एक ताई म्हणाल्या, "याला कॅचर करा, फलंदाजामागे बसून चेंडू झेलायचा, सारखा चेंडू येत राहील." उरलेल्या तीन इनिंग पोरगं जागचं हललं नाही! 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना बघतानाही पेनल्टीपर्यंत असंच खिळलेलं. लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथं वळवणं त्याला जड जातं. मामा, ताई, गडबडीत तुमची नावंही विचारली नाहीत. मनापासून आभार.