पुळणीचा वरचा पट्टा आणि पुण्याच्या मोहिमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या की ताम्हिणीतून श्रीवर्धन-दिवेआगरकडे आणि वरंध घाटातून दापोली-हर्णैकडे पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. अलीकडे या रांगेत किनारा स्वच्छता मोहिमांच्या बसगाड्याही असतात. सोमवारच्या अंकांत त्यांचे फोटो येतात, खाली किती कचरा उचलला त्याचा आकडा येतो. तो कचरा पुढे कुठे गेला आणि उचलताना पाय कुठे पडले, हे मात्र कधी छापून येत नाही. त्याबद्दल थोडे लिहायचे आहे.

किनारा म्हटले की आपल्या नजरेसमोर पाण्याची कड येते. नाजूक जागा तिच्याही वर आहे. उधाणाची भरती जिथे थांबते ती रेषा आणि केवडा-सुरूची बने, यांच्या मधला कोरड्या भुसभुशीत वाळूचा पट्टा. काही ठिकाणी तो जेमतेम दहा-पंधरा पावले रुंद असतो. पावसाळ्यात समुद्र पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, खरवडून नेतो आणि ऑक्टोबरनंतर हळूहळू परत आणून घालतो. ही देवघेव या पट्ट्याच्या भांडवलावर चालते. त्याच्यावर मर्यादवेल पसरते, रावणमिशी उगवते, वाऱ्याने उडालेली वाळू त्यांच्यात अडकते आणि उंचवटा तयार होतो. हा उंचवटा म्हणजे मागच्या वाडीचा फुकटातला बंधारा. ऑलिव्ह रिडले कासवीण नोव्हेंबर ते मार्चच्या रात्री याच पट्ट्यात येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल मडक्यासारखा खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वर वाळू ओढून स्वतःच्या अंगाने थापून बुजवते. सकाळी भरतीने आणि वाऱ्याने माग पुसले की वरून काहीही कळत नाही. पिल्ले बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. म्हणजे आपल्या सहलींचा हंगाम आणि तिच्या विणीचा हंगाम एकच आहे, आणि तंबू, शेकोटी, व्हॉलीबॉलचे जाळे, उभ्या केलेल्या गाड्या यांच्यासाठी आपल्याला जागाही नेमकी तीच आवडते.

आधी गाड्यांचे. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट दिसते, म्हणून चालकाला मोह होतो. गाडी चालती असेपर्यंत ती भार पेलते. उभी केली की टायरखाली पाणी वर येते, वाळू सैल होते आणि चाक बसते. मग ॲक्सिलरेटर दाबला की चाक जागीच फिरून खड्डा खणते आणि गाडी चासीवर टेकते. तोवर भरती सुरू झालेली असते. समजा, भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत तीन मीटरचा फरक आहे आणि पुळणीचा उतार पन्नासाला एक आहे. तर सहा तासांत पाणी दीडशे मीटर आत येणार. तेही सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात ते जेमतेम हलते, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मे अंतर कापते. ‘अजून वेळ आहे’ असे म्हणणारे फसतात ते इथे. ट्रॅक्टर येईपर्यंत खारे पाणी ब्रेक आणि बेअरिंगमध्ये शिरलेले असते. हा झाला गाडीवाल्याचा तोटा. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते ती काढणारे नखाएवढे खेकडे, वरच्या कोरड्या वाळूतली खेकड्यांची बिळे आणि घरटी यांचा तोटा कोणी मोजत नाही. चाकोरी कोरड्या वाळूत पडली तर नुकतेच बाहेर आलेले पिल्लू त्या चरात अडकून पाण्याऐवजी किनाऱ्याला समांतर चालत राहते आणि कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी जाते. गाडी गावात लावून शंभर पावले चालणे कोणाच्या प्रकृतीला अपायकारक नाही.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत पाऊणकी येणाऱ्यांना सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहाला. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाचा हिशेब यातून येत नाही, त्यासाठी भरतीचे वेळापत्रक पाहावे. पण पोरांना घेऊन पाण्यात उतरायचे की बाहेर यायचे, एवढे ठरवायला ही रीत पुरते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, हे विसरण्यासारखे नाही.

आता मोहिमांकडे. मोहीम काढायचीच असेल तर आधी तिथी बघावी, शनिवार-रविवार नंतर. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण कचरा पुळणीवर सर्वांत वर नेऊन टाकते. पुढे भरती रोज थोडी खाली थांबते, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या, दिवसांत तर ती वरच्या रेषेपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे तृतीया-चतुर्थीपासून नवमीपर्यंत वरचा कचरा जागच्या जागी पडून असतो. चतुर्दशीला गेलात तर पुढच्या उधाणाने त्यातला काही परत नेलेला असतो आणि काही वाळूखाली पुरलेला असतो. सकाळी लवकर सुरुवात करून थर्माकोल पहिल्यांदा उचलावा. उन्हे वर आली की समुद्राचा वारा सुटतो आणि त्याचे दाणे सगळीकडे होतात. ते दाणे हाताने वेचता येत नाहीत. त्यांना बारीक भोकांची चाळणी लागते, आणि तीही फक्त भरतीरेषेवरच्या वरवरच्या वाळूला. फावडे लावून खोल उकरायचे नाही.

काळ्या कचरापिशव्या नेऊ नयेत. ओल्या वाळूच्या वजनाने त्या फाटतात आणि आपणच नवीन प्लास्टिक टाकून येतो. खताच्या धुतलेल्या गोणी घ्याव्यात आणि अर्ध्याच भराव्यात, म्हणजे दोघांना उचलता येतात. तळाला भोके पाडलेली बादली त्याहून बरी, हलवली की वाळू गळून जाते. (टनांच्या आकड्यात वाळू किती, हे एकदा विचारून पाहा.) काचेसाठी वेगळी पत्र्याची बादली आणि जाड कॅनव्हासचे हातमोजे हवेत, दवाखान्यातले पातळ मोजे काच अडवत नाहीत. नायलॉनचे जाळे अर्धे वाळूत पुरलेले असेल तर दहा जणांनी रस्सीखेच करून उपसू नये. वाळूच्या पातळीवर कोयत्याने कापून वरचा भाग न्यावा, कारण खाली काय आहे ते आपल्याला दिसत नसते. जाळ्यात जिवंत कासव असेल तर ते ‘बिचारे’ म्हणून पाण्यात ढकलायचे नाही. दमलेले, जखमी कासव बुडून मरते. सावली करावी, ओले फडके पाठीवर टाकावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

आणि काय उचलायचे नाही? वाहून आलेले शेवाळ, काटक्या, शिंपले, समुद्रफेस. फोटोत हे घाण दिसते खरे. पण त्या ओल्या थरात किडे वाढतात, त्यांच्यावर पाणथळीचे पक्षी जगतात आणि उडती वाळू पहिल्यांदा याच थराला अडकते. स्वच्छ किनाऱ्यांना मिळणाऱ्या ज्या ब्लू फ्लॅग मानांकनाचे आपल्याकडे एवढे कौतुक होते, त्याच्या ३३ निकषांतही शेवाळ आणि नैसर्गिक पालापाचोळा किनाऱ्यावर राहू द्यावा, असेच म्हटले आहे. जेसीबी लावून पुळण ‘गुळगुळीत’ करणे ही तर कासवांच्या हंगामात सरळ नासधूस आहे.

सगळ्यात जास्त गोची होते ती कचरा उचलून झाल्यावर. गोणी ग्रामपंचायतीच्या दारात रचल्या जातात, फोटो होतात, बस निघते. छोट्या ग्रामपंचायतीकडे ना वर्गीकरणाची शेड, ना वाहतुकीचा खर्च. मग ते सगळे गावाबाहेर खाडीकाठी जाते किंवा पेटवले जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसात उरलेले पुन्हा समुद्रात. खारट, वाळू लागलेले प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. बाटल्या गोड्या पाण्यात खळबळून, वाळवून, झाकण वेगळे करून दिल्या तर घेतो. चपला कोणीच घेत नाही, वेफरची चकचकीत वेष्टने नाहीत, थर्माकोल तर नाहीच. म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना फोन करून तीन गोष्टी ठरवाव्यात: सुका माल कोण नेणार, टेम्पोचे भाडे कोण देणार, आणि ज्याला गिऱ्हाईक नाही तो माल कुठे जाणार. तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही तर तो आपल्याच बसमधून पुण्याला आणावा. तेवढी तयारी नसेल तर जाऊ नये.

मुंबईतल्या वर्सोव्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथे काम सुरू केले आणि मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले दिसली. पण ते काम तिथे राहणाऱ्या माणसांनी आठवड्यामागून आठवडे केलेले आहे. दीडशे किलोमीटरवरून वर्षातून एकदा जाणाऱ्यांना ते जमणारे नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. बसभाडे, छापील टी-शर्ट, कापडी फलक आणि पॅकबंद पाण्याची खोकी यांचा खर्च एकत्र केला तर गावातल्या दोघांना हंगामभर मजुरी देता येईल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासव संरक्षणाचे जे काम उभे केले, ते गावातल्या माणसांच्या हातून. अंडी सुरक्षित जागी हलवायची तर काही तासांत हलवावी लागतात, आणि ती गोल फिरवायची नसतात, कारण गर्भ कवचाला आतून चिकटला की उलटलेल्या अंड्यात तो मरतो. हे पहाटे चारला पुळणीवर असणाऱ्याला जमते. आपण पिल्ले सोडताना दोरीमागे बसावे, फ्लॅश बंद ठेवावा, आणि पिल्लू हातात घेऊन पाण्यात सोडण्याचा हट्ट धरू नये. वाळूवरून चालत जाणे हा त्याच्या प्रवासाचाच भाग आहे. उतरतो त्या हॉटेलवाल्याला समुद्राकडचा पांढरा फ्लडलाइट बंद करायला सांगावे, किंवा खाली तोंड करून पिवळसर-तांबूस दिवा लावायला. पिल्ले उजळ दिसेल तिकडे जातात. गिऱ्हाइकाने सांगितलेले मालक लगेच ऐकतो.

झाडे लावण्याच्या हौसेबद्दल एकच. पुळणीवर सुरूचे झाड लावू नये. त्याच्या दाट पाचोळ्याखाली वेल तग धरत नाहीत, आणि कासवाच्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरत असल्याने सावलीही तिथे नको. लावायचीच तर पावसाच्या सुरुवातीला मर्यादवेलीची फूटभर कांडी, दोन पेरी वाळूत जातील अशी, हाताहाताच्या अंतरावर. बाकी काम ती करते. वाळूच्या टेकड्यांची किंमत पुण्याला नवीन नाही. दापोली तालुक्यातल्या केळशीच्या टेकडीचा अभ्यास आपल्या डेक्कन कॉलेजनेच केला आहे.

पुण्यात बसून करता येण्याजोगे एक काम मात्र कोणी करत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. वाळूच्या टेकडीवर भिंत घातली, कांदळवनात भराव टाकला, तर गावकऱ्याला दाद मागायला घाट चढून इथे यावे लागते. आपल्याला पीएमपी बसच्या तिकिटात जमते. नुकसानभरपाई मागितलेली नसेल तर अर्जाचे शुल्क १००० रुपये आहे आणि अर्जदार स्वतः बाजू मांडू शकतो. पण तक्रार नीट असावी. किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) २०१९ ची अधिसूचना काय चालवून घेते ते आधी वाचावे. स्थानिकांना असलेल्या घरात, जोत्याचे क्षेत्रफळ आणि दर्शनी भाग न बदलता, ‘होम स्टे’ चालवता येतो. कोळ्यांनी होडीवर घातलेले झाप आणि वाळत टाकलेली जाळी यांच्याविरुद्ध पुण्याहून अर्ज गेला, की त्या गावात पुढची दहा वर्षे पर्यावरणवाल्यांना पाणीही कोणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे.

पुरावा असा लागतो: एकाच जागेवरून वेगवेगळ्या तारखांना काढलेले फोटो, चौकटीत हलणार नाही अशी एखादी खूण (मंदिराचा कळस, विजेचा खांब), अक्षांश-रेखांश, गट क्रमांक आणि सातबारा, मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशावर ती जागा, आणि उपग्रहचित्रांतली आधीची स्थिती. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे द्यावी, पोच घ्यावी. बहुतेक प्रकरणे कोसळतात ती मुदतीवर. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खालच्या अर्जाला वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात. सबळ कारण दाखवले तर आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. माहिती अधिकारात ३० दिवस जातात, पहिल्या अपिलात आणखी ३० ते ४५, मधे एक गणपती आणि एक दिवाळी, आणि ‘कार्यालयाकडून उत्तर येऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता मुदत संपलेली असते. कार्यालयांना स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही. तेव्हा पाया खणलेला दिसला त्याच दिवशी तारीख वहीत लिहावी आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात टाकावा.

आपले,
किनाऱ्यांवर काम करणारे काही पुणेकर,
पुणे