गंगीच्या पैदाशीबद्दल तू विचारलंस म्हणून

चि. ताईस,
आण्णाचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आजीच्या गंगी घोडीची पैदास आपल्याकडे का राहिली नाही?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. उत्तर तोंडी देण्याची ताकद नव्हती, म्हणून लिहितोय.

तू वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणारा धनगरी तळ, बघितलेला नाहीस. दसरा-दिवाळी झाली की आपली माणसं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची आणि मिरगाच्या आत माघारी यायची. आमचा रस्ता भोरवरून, वरंधा घाटातून महाडकडे. गडीमाणसं मेंढरांमागे रानातून चालत आणि बाया घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाटेनं येत. गंगी तुझ्या आजीच्या हाताखालची. घोंगड्यांची वळकटी, पिठाची गोणी, तवा-पातेली, कोंबड्यांची डालगी, रात्री जन्मलेलं एखादं कोकरू, आणि या सगळ्यावर बांधलेला मी. उंचीला ती आजीच्या छातीला लागेल एवढीच. खुरं मात्र अशी कणखर, की तिला जन्मात नाल ठोकावी लागली नाही.

एकदा घाटात माझी गाठ सुटली. मी झोपेत होतो, एका कुशीवर घसरलो आणि दोरात अडकून तिच्या पोटाखाली लोंबकळलो. दुसरं जनावर बिथरून उधळलं असतं. गंगीनं पुढचा पाय उचलला होता तो तसाच अधांतरी धरला, टेकवला नाही. टेकवला असता तर माझ्या डोक्यावर आला असता. आजी वीस-पंचवीस पावलं पुढं गेली होती. ती माघारी येईपर्यंत घोडी तीन पायांवर थरथरत उभी होती. एवढ्या वर्षांत मी शेकडो घोडी बघितली, पण घोडा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तो उचललेला पायच येतो. माझं सगळं वेड तिथून आहे.

पुढं मेंढरं विकली, आपण जमिनीला लागलो. गंगी म्हातारी होऊन दारातच गेली, तिची एक शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, मागं राहिली. मी शाळा बुडवून अकलूजच्या घोडेबाजारात जायचो. नालबंदाशेजारी बसायचो, त्याला पाय धरून द्यायचो. तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्यानं मला दात बघायला शिकवलं. अडीच वर्षांला मधले दुधाचे दात पडतात, साडेतीनला त्याच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाच वर्षांचं जनावर सगळ्या दातांनी 'जुळलेलं' असतं. तू हे जनावरांच्या डॉक्टरकीच्या पुस्तकात शिकलीस, मी घोड्याची जीभ हातात धरून शिकलो.

मग मी दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो. तापीच्या काठावर, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, नजर जाईल तिथवर घोडे. मारवाडी घोडी मी तिथं पहिल्यांदा जवळून पाहिली. कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, मान मोरासारखी, रवाळ चाल अशी की स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळू नये. लोक इंच मोजत होते, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, आहे का बघत होते, चारी पाय आणि तोंड पांढरं म्हणजे पंचकल्याण म्हणून किंमत चढवत होते. मी भाळलो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ती जनावरं भाळण्यासारखीच असतात. कर्ज काढून एक मारवाडी वळू आणला आणि गंगीच्या शिंगीला दाखवला.

पहिलं शिंगरू आईपेक्षा वीतभर उंच निघालं आणि वरातीसाठी हातोहात गेलं. दुसरंही गेलं. त्यांच्या पुढच्या पिढीला मी पुन्हा मारवाडीच लावला. दर पिढीला उंची वाढली, किंमत वाढली आणि गंगी कमी होत गेली. शेवटी तिच्या बांध्याची, ठेंगणी, रुंद छातीची एकच कालवड राहिली. बघ, घोडीला कालवड म्हणतोय मी, आजीची सवय. तिला गिऱ्हाईक नव्हतं. अकलूजला एका व्यापाऱ्याला मी ती किरकोळीत दिली. तिचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. आपल्याकडची पैदास कुणी नेली नाही, मीच ती विकली.

ज्या भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्याल्याचं आपण छाती फुगवून सांगतो, ती तट्टं इथं, भीमेच्या आणि नीरेच्या काठावर, आपल्याच लोकांनी धनगरवाड्यांवर जगवली होती. फौजा गेल्या, शिलेदार गेले, तरी बिऱ्हाड वाहत ती टिकली. गंगी त्यांतलीच. आता कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली, हे तूच मला वाचून दाखवलंस. तुझा आवाज आनंदानं चढला होता आणि मला जेवण गेलं नाही.

अजून एक सांगायचंय. आपला काळा शिंगरा तुला अंधुक आठवत असेल. तो अठरा महिन्यांचा असताना गिऱ्हाईकाला चालवून दाखवायची घाई म्हणून मी घोडी शिकवणारा चाबूकस्वार बोलावला. त्यानं काटेरी कडियाळ, म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड, घातलं. तोंडात काटे असलेलं कडियाळ वापरायला आपल्या देशात १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण रक्त तर दिसत होतं. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये मोकळी हिरडी असते, लोखंड नेमकं तिथं बसतं. संध्याकाळी मी त्याचा ओठ उलटून बघितला तर ती हिरडी उसवलेल्या शिवणीसारखी दिसत होती. त्यानंतर माझा हात तोंडाकडं गेला की तो डोकं आभाळाला लावायचा, अगदी हातात गूळ असला तरी.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली, ती तुला पाठ आहे. पहिले आठ-दहा दिवस नुसतं कुंपणात जाऊन उभं राहायचं. समोरून कपाळावर हात न्यायचा नाही, मागून जायचं नाही, दोन्हीकडं त्याला दिसत नाही. डाव्या खांद्याकडून जायचं आणि आयाळ संपते तिथं खाजवायचं, घोडी एकमेकांना खाजवतात तसं. मग मोहरकी, म्हणजे तोंडावर बांधायची दोरी. दोरीला ताण दिला आणि त्यानं अर्धं पाऊल जरी टाकलं, तरी त्याच क्षणी ताण सोडायचा. शिकवण त्या सोडण्यात आहे, ओढण्यात नाही. साडेतीन वर्षांचा होईपर्यंत पाठीवर माणूस नाही, गिऱ्हाईक कितीही भांडलं तरी. पाठीचे मणके शेवटी पक्के होतात, हे तू मला नंतर सांगितलंस. काळ्याच्या वेळी कुणी सांगायला हवं होतं.

आता चंद्रीविषयी. दोन वर्षांपूर्वी माघारी आलेल्या एका वाड्यावरून मी ती घेतली तेव्हा, "आता हे तट्टू कशाला?" असं घरात सगळे म्हणाले. आजी तेवढी काही बोलली नाही. तिनं उठून तिची खुरं चाचपली. गेल्या होळीच्या आधी नीरेपलीकडच्या भीमथडी वळूला चंद्री दाखवली. तीनशे चाळीस दिवस धरले तर शिवरात्रीच्या मागंपुढं येते. कास भरलीय. थानांच्या टोकांवर अजून मेण धरलेलं नाही, पण शेपटीच्या मुळाशी अंग सैल पडलंय. घोडी बहुतेक करून माणूस नसताना, रात्रीची विते, म्हणून मी पागेबाहेर बाज टाकलीय आणि कंदील बारीक ठेवतोय. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर, तासात उभं, दोन तासांत चीक पोटात, तीन तासांत वार पडलेली, हा हिशेब मला ठाऊक आहे. एका घोडीची वार आत राहिली तेव्हा सकाळपर्यंत थांबायची चूक मी केलीय. चार दिवसांत तिचे पाय गेले. म्हणून या वेळी मला शेजारी तू हवीस. परीक्षा बुडवू नकोस, पण शेवटचा पेपर झाला की त्याच संध्याकाळी शिरवळहून एसटी धर.

शिंगरू शिंगी असो वा शिंगरा, विकायचं नाही. त्याला शिकवायचं तू. मी कुंपणाबाहेर उभा राहीन आणि विचारल्याशिवाय बोलणार नाही. एक जाड वही आणलीय. पहिल्या पानावर चंद्री, तिचा रंग, भोवरे, वळू कुणाचा, कुठली तारीख, सगळं लिहिलंय. गंगीच्या वेळी मी एक ओळही लिहिली नव्हती.

आजी रोज संध्याकाळी बाजरीची शिळी भाकरी घेऊन पागेत जाते. आता तिला नीट दिसत नाही. हातानं मान चाचपत चाचपत छातीपर्यंत येते, उंची आपल्या अंगाशी लावून बघते आणि म्हणते, "गंगे, खा गं." चंद्री भाकरी घेते. मी काही बोलत नाही.

येताना नाळेला लावायचं आयोडीन आण, इथलं संपलंय.

तुझा,
आण्णा